नव्या कॉलरीचा दर

मालक हातात घड्याळ घेऊन इंदुमतीच्या मशीनपाशी उभे राहिले. "ह्या नव्या कॉलरी तासाला किती होतात, बघू. तुझ्या हातावरून सगळ्यांचा दर ठरवतो."

गणवेशाच्या त्या कारखान्यात नगावर मजुरी होती, आणि इंदुमतीइतका चपळ हात दुसरा नव्हता. तोच तिचा तोरा. चाळीस कॉलरी तिने सहज काढल्या असत्या. पण मग एका कॉलरीचा दर उतरला असता, आणि मागच्या मशीनवरच्या म्हाताऱ्या नरसव्वाच्या तर जेमतेम वीस-बावीसच झाल्या असत्या.

नरसव्वाचं मशीन अडखळत चाललं होतं. इंदुमतीने तिकडे कान लावला. ते चाललं की हिचा पाय चाले, ते थांबलं की थांबे.

तास भरला. मालकांनी कॉलरी मोजल्या. "बावीस? एवढं नाव ऐकतो तुझं, आणि हे?" कुरकुरत त्यांनी वहीत चढा दर लिहिला.

सगळ्यांनी ऐकलं. इंदुमतीचे कान तापले.

जेवणाच्या सुट्टीत नरसव्वा शेजारी येऊन बसली. अर्धी भाकरी तिच्या डब्यात ठेवत म्हणाली, "मनाला लावून घेऊ नको, पोरी. जमंल हळूहळू. उद्या माझ्याकडं बघून शिव."