छतातला दगड

"कठीणपणा किती?" आईने विचारलं. वाटाणे सोलणारे हात थांबले नव्हते.

"हिऱ्याहून जास्त," लेक म्हणाली. तिच्या कादंबरीतल्या दोन राज्यांना भांडायला एक खनिज हवं होतं, खऱ्या जगात कुठेच नसलेलं. नाव ठरलं होतं, निशामणी. आईचं सगळं आयुष्य खाणीच्या तपासणी खोलीत दगड पारखण्यात गेलेलं. तिला नाही तर कुणाला विचारायचं?

"नाव अगदी सोनाराच्या दुकानातलं शोधलंस. बरं, घासल्यावर रेघ कसली उमटते?"

"निळी. आणि अंधारात चमकतो तो."

"चमकणारच. तुमच्या गोष्टींत न चमकणारं काही असतं का गं?"

लेक हसली. "दुर्मिळ आहे ना! साऱ्या पृथ्वीत मूठभर. म्हणून तर युद्ध पेटतं. आता आणखी एक गुण सांग. कुणालाच सुचणार नाही असा."

आईचे हात थांबले. शेंग अर्धी उघडी राहिली.

"तुटायच्या आधी वाजू दे त्याला," ती म्हणाली. "मोठ्यानं. खाली उभ्या असलेल्या माणसाला पळता येईल, इतकं आधी."

लेकीचं पेन कागदावर टेकलं ते तिथेच राहिलं. खाणीचं छत कोसळून बाबा गेले तेव्हा ती पाळण्यात होती. त्या दिवसाबद्दल या घरात कुणी कधी चकार शब्द काढला नव्हता.

"आत शिरण्याआधी तुझे बाबा पहारीनं छत ठोकून बघायचे," आई शेंगेकडे बघत म्हणाली. "पोकळ वाजलं की मागे फिरायचं. त्या दिवशीही ठोकलं होतं. सोबतचे सगळे सांगत होते, आवाज अगदी भरीव आला."

लेक हळूच म्हणाली, "युद्ध यासाठीच होईल, आई. ज्याच्याकडे निशामणी, त्याची माणसं घरी परततील."

"मग दुर्मिळ नको करूस."

"अगं, दुर्मिळ नसेल तर भांडण कशाचं? माझी गोष्टच उरत नाही."

"नाही उरली तर नाही. सगळ्या छतांत घाल तो."

लेकीने वहीतला 'दुर्मिळ' हा शब्द खोडला. दोन राज्यं, सेनापती, वेढा, सगळं त्याच्याबरोबर गेलं.

आईने उरलेले वाटाणे पातेल्यात टाकले. मग बोटाच्या पेराने टेबल ठोकलं, आणि मान कलती करून ऐकत राहिली.