गोंदणारीचं अक्षर

पालखीपुढे नाचताना परगावाहून एकटीच आलेली पोर घामाने थबथबून डुलायला लागली. बायांनी "अंगात आलं" म्हणत तिच्या पायांवर पाणी ओतलं, कपाळी हळद भरली. ती कोसळली, तरी हलगी वाजतच होती.

जत्रेतल्या रुग्णवाहिकेची डॉक्टरीण धावत आली. "शिवू नका बाई, देवी आहे," एकीने अडवलं.

"असू दे, मावशी. देवीचा हात तर बघू द्या." बांगड्या मागे सारून तिने मनगटावरचं गोंदण मोठ्याने वाचलं, "मला मधुमेह आहे. इन्सुलिन घेते. शुद्ध हरपली तर साखर तपासा." तपासली, तर साखर पार उतरलेली. तिने लगेच शिरेतून ग्लुकोज सोडलं.

शेजारी कडुलिंबाखाली बसलेल्या गोंदणारीची सुई थांबली. गेल्या जत्रेत पोरीने आणलेली चिठ्ठी तिनेच, गोंदणातली तुळस काढावी तशी, या मनगटावर उतरवली होती. त्यात काय लिहिलंय, हे तिला आज कळलं.

पोरीने डोळे उघडले, पाणी मागितलं. डॉक्टरीण हसली. "अक्षर मोत्यासारखं आहे. कुणाचं?"

जन्मभर अंगठा उठवत आलेली म्हातारी पदर सावरून उभी राहिली.

"माझं, बाई."