फेककाठीचा वाटा

रिसॉर्टच्या हिरवळीवर कापडी ससा बसवला होता. ‘आदिमानव व्हा’ शिबिराच्या सरांनी शेजारच्या पाड्यावरच्या सोमाची ससे मारायची फेककाठी मागून घेतली आणि वारा, श्वास, एकाग्रता असं तासभर समजावलं. खरा ससा एव्हाना डोंगरापार पोचला असता, असं सोमाच्या मनात आलं.

अखेर सरांनी काठी भिरकावली. ससा जागचा हलला नाही. सरांच्याच नव्या गाडीची काच मात्र खळ्ळकन फुटली आणि वायपर निखळून पडला.

“काठीच वाकडी आहे!” सर कडाडले. “सोमा, काठी तुझी, आता तूच निस्तर.”

“छे, साहेब, शिकार तुमची. आमच्यात नेम धरणाराच धनी. काठी देणाऱ्याला नुसती एक तंगडी मिळते.”

सोमानं वायपर उचलला, काखेत मारला आणि काठी घेऊन पाड्याची वाट धरली.