मागचं दार

कप टॉवेलात गुंडाळता गुंडाळता डल्सी थांबली आणि तशीच खुर्चीत टेकली. दोन पेट्या भरायला तिला आठवडा लागला होता. शुक्रवारी ती कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरचं हे घर सोडून पार पश्चिमेला, लेकीकडे कॅल्गरीला जाणार होती. कायमची. क्रिस्टाने तिच्यासाठी खोली रंगवून ठेवली होती. डल्सी हो म्हणाली होती, कारण नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो.

घरात बोलायला कोणी नव्हतं असं नाही. घर स्वतःच अखंड बोलायचं. किटली तापली की तिकडे क्रिस्टाला कळायचं. डल्सी जरा जोरात बसली तरी जमीन विचारायची, "पडलात का?" औषधाच्या गोळ्या ड्रोनमधून अंगणात उतरायच्या, पीठ आणि काकवीसुद्धा. आणि गेल्या हिवाळ्यात क्रिस्टाने मागच्या दाराला चेहरा ओळखणारं कुलूप बसवून घेतलं होतं. येणाऱ्याने एकदा बेल दाबायची, नाव सांगायचं, मग दार त्याला जन्मभर विसरणार नाही. तोवर मूठ कितीही फिरवा, ती नुसती गोल फिरणार, आवाजसुद्धा न करता.

समोरच्या दाराला काहीच बसवलं नव्हतं. त्याला पायरीच नव्हती. गावातल्या कुठल्याच घराला नव्हती. ते दार उघडायचं फक्त शवपेटी बाहेर न्यायला. डल्सीचा नवरा हेडली गेला तेव्हा उघडलं होतं, तेच शेवटचं.

इतकी सोय झाली आणि माणसांचं येणं बंद झालं. डल्सी स्वतःची समजूत घालायची, सगळ्यांची वयं झालीत, धुकं आहे, गुडघे आहेत. पण सेल्बीचं तसं म्हणता येईना. सेल्बी वरच्या घरातला, एकटा जीव, हेडलीचा होडीवरचा जोडीदार. दुपारच्या चहाला यायचा म्हणजे यायचाच, आणि दुधाचा डबा स्वतःचा घेऊन, कारण डल्सी दूध घालताना हात आखडते असं त्याचं म्हणणं. पत्त्यांत हरला की हवेला दोष द्यायचा. गेल्या हिवाळ्यात तो शेवटचा आला तेव्हा डल्सी त्याला म्हणाली होती, तू पत्ते चोरतोस आणि हे हेडलीलाही ठाऊक होतं. जिभेला हाड नाही, दुसरं काय. त्यानंतर सेल्बी फिरकला नव्हता. टेकडी चढून जावं तर गुडघा नको म्हणायचा, आणि गुडघा हो म्हणाला की ताठा आडवा यायचा. फोनवर असल्या गोष्टी कोणी बोलत नाही.

तेवढ्यात क्रिस्टाचा फोन आला. पेट्या झाल्या का, जाड कोट वरच ठेव, विमानतळावर चाकांची खुर्ची येईल. मग ती जराशी घुटमळली.

"आई, आता निघालीच आहेस म्हणून सांगते. तू घाबरशील म्हणून दाराच्या सूचना मी माझ्याकडेच वळवल्या होत्या. तुझ्या मागच्या दाराशी एक माणूस येतो. रोज."

"कसला माणूस?"

"टोपी डोळ्यांवर ओढलेली, तोंड दिसत नाही. बेल नाही, हाक नाही. सरळ मूठ फिरवतो. उघडलं नाही की थोडा वेळ उभा राहतो आणि जातो. हातात डब्यासारखं काहीतरी असतं. दार त्याला आत घेत नाही म्हणून मला झोप तरी लागते."

"कधी येतो?"

"दुपारी. चहाच्या सुमाराला."

डल्सीने हातातला कप खाली ठेवला.

"क्रिस्टा, आपल्या गावात बेल कोण वाजवतं गं?"

क्रिस्टा याच स्वयंपाकघरात वाढली होती. इथे दार वाजवणारा म्हणजे पाद्री, पोलीस, नाहीतर परका. आपला माणूस सरळ आत येतो. त्याने बेल दाबली, तर तो स्वतःच आपल्याला परका ठरवतो. आणि दिवसाढवळ्या लावलेलं मागचं दार म्हणजे तोंडावर सांगणं, की तू आता नको आहेस. इतकी वर्षं कॅल्गरीत काढून पोर हे विसरली होती. दाराला तर कोणी सांगितलंच नव्हतं.

"सेल्बीकाका," क्रिस्टा हळूच म्हणाली. "अगं आई."

डल्सीने फोन टेबलावर ठेवला. तिला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. ती उठली, मागचं दार उघडलं आणि फटीत हेडलीचा जुना गमबूट कोंबला. दार उघडं आहे, दार उघडं आहे, असा दाराचा जप सुरू झाला. डल्सीने त्याला बडबडू दिलं आणि किटली चढवली.

चहाच्या सुमाराला सेल्बी आला. गमबुटाकडे त्याने जरा वेळ पाहिलं, मग तो ओलांडून आत आला, टोपी काढली, आपल्या खुर्चीत बसला आणि दुधाचा डबा टेबलावर ठेवला. अनोळखी व्यक्ती घरात शिरल्याचं दाराने जाहीर केलं. सेल्बीने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा पेट्यांकडे.

"चोर म्हटलं म्हणून यायचा थांबलास, असं वाटलं मला," डल्सी म्हणाली.

"पत्ते चोरतोच मी. हेडलीही चोरायचा."

डल्सीने पेटी उघडली, टॉवेलातून दोन कप सोडवले आणि त्याच्यापुढे ठेवले.

"मग हाक का नाही मारलीस रे? मी जिवंत आहे की मेले, तेवढं तरी विचारायचंस."

सेल्बी डब्यातलं दूध कपात ओतत राहिला, भरपूर.

"समोरचं दार उघडलेलं दिसलं नाही, म्हणजे जिवंत आहेस ते कळत होतं," तो म्हणाला. "राग उतरला का, तेवढं रोज बघून जायचो."