टॉवेलचा हक्क

"एस.टी.त ज्याचा टॉवेल आधी पडला, सीट त्याची. ब्रह्मदेव आला तरी बदल न्हाई," असं आबारावांचं ठाम मत होतं. जालन्याच्या स्टँडवर त्यांनी खिडकीतून टॉवेल टाकला आणि दारातल्या रेटारेटीतून ते आत पोचले, तोवर टॉवेलवर एक बिनचड्डीचं पोरगं बसलेलं होतं. तेही खिडकीतूनच आलं होतं.

मागोमाग काखेत तान्हं घेऊन त्याची आई कडूबाई आली.

"ए बाई, उचल पोरगं. टॉवेल माझा हाये."

"टॉवेलला जायचंय का तीर्थपुरीला? माझं लेकरू जित्तं हाये, मामा."

"पोराची सोयरीक जमवायला चाललोय. कडक इस्त्रीचं धोतर गर्दीत मळवू का?"

"मंग बसा, अन् लेकराला मांडीवर घ्या."

आबाराव बसले. पोरगं मांडीवर आलं. कडूबाईनं टॉवेल ओढून तान्ह्याच्या डोक्याला गुंडाळला. "सीट तुमची झाली ना? आता टॉवेलचं काय काम?"

अंबडपर्यंत दोघांनी एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरल्या. अंबड सुटल्यावर मात्र आबारावांच्या मांडीला अचानक ऊब लागली, आणि तोंडातली शिवी गिळून ते खिडकीबाहेर बघू लागले.

तीर्थपुरीला मुलीकडची पाच-सात माणसं हात जोडून खाली उभी होती. आबाराव काही उठेनात.

"उतरा की मामा. सीट संगं नेता का?"

"माय," आबाराव पहिल्यांदाच हळू बोलले, "तेवढा टॉवेल दे. कमरेला गुंडाळायचाय."