दारांचा नवा कागद

मोरिहिकोने व्हरांड्याकडच्या सरकत्या दारांचा जुना कागद काढून नवा चिकटवला, तेव्हापासून चिझुरू त्याच्याशी धड बोलत नव्हती. जुन्या कागदाला अगदी खाली अझुकीने पंजा घालून पाडलेली भोकं होती. मांजर जाऊन महिना होत नाही तोच ह्यांना साफसफाई सुचली!

"अगं, वर्ष संपताना सगळेच कागद बदलतात," तो चहा ओतत म्हणाला. "आठवतं, अझुकी न्हाणीच्या टबात पडली आणि ओलीचिंब थेट तुझ्या आईच्या मांडीवर?" तो हसला.

टप्.

खालच्या चौकटीत ताजं भोक पडलं होतं.

"बोट घातलंत ना? थट्टा सुचते तुम्हाला?"

"मी इथे बसलोय! हातात किटली आहे माझ्या."

चिझुरूने रागारागाने कागदाचं फूल कापून भोकावर डकवलं. तिचा राग जावा म्हणून त्याने अझुकीने शेजारचा सुका मासा पळवल्याची गंमत काढली.

टप्. ह्या वेळी कमरेएवढ्या उंचीवर. अझुकीचा पंजा कधी गुडघ्यापर्यंतही पोचला नव्हता.

"बास! एक अक्षर बोलू नका!" ती दारापाशी उभी राहून ओरडली. "मेली माझेसुद्धा केस चावून उठवायची, मी कधी दात काढले?" आणि बोलता बोलता तिलाच हसू फुटलं.

टप्.

बरोबर तिच्या डोळ्यांसमोर.

बाहेर लख्ख ऊन होतं. सगळा कागद उजळला होता, त्यावर कुणाचीही सावली नव्हती. फक्त तेवढं भोक काळं होतं.