चकतीतलं प्रेम

सत्काराची शाल खांद्यावर घेऊनच पेंढरकर वैजूताईंच्या टेबलाशी आले. निवृत्त माणसाच्या कानामागच्या चकतीतून ऑफिसची मेल काढायची, हे वैजूताईंचं काम. मेलबरोबर ऑफिसातल्या आठवणीही जात. बहुतेक जण साहेबाचं तोंड आठवून खुशाल मान पुढे करत आणि ढगातून चालल्यासारखे घरी जात.

पेंढरकरांनी मात्र कानावर हात ठेवला. "ताई, माझी बायको सुमन मला इथंच भेटली. ती गेल्या वर्षी निवृत्त झाली. आमचं मेलवर कसं जमलं ते तिला रोज चहाला मी सांगतो. पण पुसलेल्या जागी ऑफिसचं काही टिकतच नाही, दुसऱ्या दिवशी पाटी पुन्हा कोरी. आता माझीही कोरी झाली, की सांगणार कोण?"

"ऑफिसच्या मेलवर प्रेमपत्रं? भलतेच धीट होता की!" वैजूताईंनी खुर्ची पुढे सरकवली. "माझ्या निवृत्तीला अजून अकरा वर्षं आहेत. उद्यापासून चहाला मी येते. सांगा, अगदी पहिल्या मेलपासून."